प्रत्यार्पण, फौजदारी आणि इमिग्रेशन: लंडनच्या बॅरिस्टरचे काम कसे चालते आणि त्यात धुळ्याच्या वकिलाने काय करायचे?

पांझराकाठ (धुळे) – प्रश्न

नमस्कार मंडळी,

मी धुळ्याच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी बाजूचे काम करतो. अलीकडेच शिरपूर भागातले एक वयस्क गृहस्थ सल्ल्यासाठी आले. त्यांचा मुलगा पूर्वी एका पतसंस्थेच्या संचालक मंडळावर होता, पुढे शिक्षणासाठी इंग्लंडला गेला आणि तिथेच नोकरीला लागला. मध्यंतरी संस्थेच्या ठेवी अडकल्या, गुन्हा दाखल झाला आणि दोषारोपपत्रात मुलाचे नाव फरारी आरोपी म्हणून आले. भारतीय दंड संहितेची ४०६ व ४०९ (विश्वासघात) आणि ४२० (फसवणूक) ही कलमे व त्यांच्या जोडीला ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा लावलेला आहे. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) वडिलांचा प्रश्न एकच होता: "वकीलसाहेब, पोराला तिथून धरून आणतील का?"

त्यांच्यासाठी लंडनमधल्या वकिलांची माहिती पाहताना एक गोष्ट लक्षात आली. प्रत्यार्पणाचे, म्हणजे परदेशात असलेल्या आरोपीला कायद्याने परत पाठवण्याचे, काम करणाऱ्या अनेक बॅरिस्टरांच्या परिचयात प्रत्यार्पण, फौजदारी आणि इमिग्रेशन अशी तीन क्षेत्रे एकत्र लिहिलेली असतात. आपल्याकडे फौजदारी वकील पासपोर्टच्या अर्जापलीकडे इमिग्रेशनच्या वाटेला फारसा जात नाही. ही तीन कामे एका माणसाकडे का येतात? आपल्याकडे पक्षकाराला भेटणे, अर्ज लिहिणे आणि युक्तिवाद करणे हे सारे एकच वकील करतो, तिथे ते कसे वाटलेले असते? अशा प्रकरणात आमच्यासारख्या जिल्हा पातळीवरच्या वकिलाचा खरोखर उपयोग होतो का, की आम्ही फक्त कागदांच्या प्रमाणित प्रती पाठवायच्या? आणि शेवटचा प्रश्न माझ्यापुरता: या शाखेत काम करण्याची मनापासून इच्छा आहे, तिची सुरुवात इथून करता येते का?

चाळीसगावकर (लंडन) – उत्तर

पांझराकाठ, मी मूळचा चाळीसगावचा, सध्या लंडनमध्ये सॉलिसिटर म्हणून फौजदारी आणि प्रत्यार्पणाची कामे पाहतो. तुमच्या पक्षकाराला कायदेशीर सल्ला म्हणून नव्हे, तर तुम्हाला कामाचे स्वरूप कळावे म्हणून लिहितो.

आधी कामाची वाटणी. पक्षकार पहिल्यांदा सॉलिसिटरकडे येतो. पुरावे गोळा करणे, साक्षीदारांशी आणि तज्ज्ञांशी बोलणे, पत्रव्यवहार सांभाळणे ही कामे सॉलिसिटरची. बॅरिस्टर हा चेंबर्समध्ये, म्हणजे बॅरिस्टरांच्या सामायिक कार्यालयात, बसणारा स्वतंत्र व्यावसायिक असतो. सॉलिसिटरने काम सोपवले की तो कायदेशीर मत देतो, युक्तिवादाचा लेखी आराखडा तयार करतो आणि न्यायालयात उभा राहतो. आता काही बॅरिस्टरांकडे लोकांना थेटही जाता येते, परंतु प्रत्यार्पणासारख्या गुंतागुंतीच्या कामात बहुधा दोघे लागतात. शिवाय रांगेतल्या टॅक्सीप्रमाणे आलेले काम स्वीकारण्याचा एक नियम बॅरिस्टरांवर आहे: विषय आपल्या क्षेत्रातला असेल, वेळ असेल आणि योग्य मोबदला मिळत असेल, तर पक्षकार आवडत नाही म्हणून नकार देता येत नाही. त्यामुळे एखाद्या परकीय सरकारच्या बाजूने उभा राहिलेला बॅरिस्टर पुढे दुसऱ्या प्रकरणात आरोपीच्या बाजूने दिसतो, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. भारत सरकारची बाजू क्राउन प्रॉसिक्युशन सर्व्हिस ही तिथली सरकारी अभियोग संस्था मांडते आणि तीही युक्तिवादासाठी स्वतंत्र बॅरिस्टरांनाच नेमते. विजय मल्ल्या आणि नीरव मोदी या दोघांच्याही बाजूने कनिष्ठ न्यायालयात क्लेअर मॉन्टगोमेरी या एकाच ज्येष्ठ बॅरिस्टर उभ्या होत्या, ते या व्यवस्थेतूनच.

आता प्रत्यार्पणाचा मार्ग. भारत आणि ब्रिटन यांच्यातला करार २२ सप्टेंबर १९९२ रोजी झाला. शंकरराव चव्हाण तेव्हा केंद्रात गृहमंत्री होते. ब्रिटनमध्ये २००३ चा प्रत्यार्पण कायदा लागू होतो आणि भारत त्याच्या दुसऱ्या भागातला देश आहे. परराष्ट्र मंत्रालयाकडून विनंती गेली की ब्रिटनच्या गृहमंत्र्यांचे कार्यालय ती नियमानुसार असल्याचे प्रमाणित करते, त्यावर न्यायाधीश अटकेचे वॉरंट काढतो आणि अटक झाली की माणूस लंडनच्या वेस्टमिन्स्टर मॅजिस्ट्रेट न्यायालयासमोर उभा राहतो. इंग्लंड आणि वेल्समधले प्रत्येक प्रत्यार्पण याच न्यायालयात सुरू होते, मग माणूस मँचेस्टरला राहत असो की कार्डिफला.

तिथला न्यायाधीश माणूस दोषी आहे की नाही हे ठरवत नाही. आरोपात सांगितलेले कृत्य ब्रिटनमध्ये घडले असते तर तोही गुन्हा ठरला असता का, हा पहिला महत्त्वाचा प्रश्न. कलमाचे नाव जुळावे लागत नाही, कृत्य जुळावे लागते. ठेवीदारांच्या संरक्षणाचा आपला कायदा तिथे नाही, परंतु ठेवीदारांना खोटे सांगून पैसे घेतल्याचे कागदांवरून दिसत असेल तर तिथल्या २००६ च्या फसवणुकीच्या कायद्यात ते बसू शकते. आणि निव्वळ 'संचालक होता, म्हणून जबाबदार' एवढेच कागदावर असेल, तर बचावाचा बॅरिस्टर पहिला घाव तिथेच घालतो. दुसरा प्रश्न पुराव्याचा. अमेरिकेसारख्या काही देशांना या टप्प्यावर प्रथमदर्शनी पुरावा द्यावा लागत नाही. भारताला द्यावा लागतो. त्यानंतर कायद्यातले अडथळे येतात: विनंती धर्म, वंश किंवा राजकीय मतांमुळे केली आहे का, मधल्या काळामुळे खटला अन्यायकारक किंवा जाचक ठरेल का, प्रकृती प्रवास आणि खटला झेलण्याजोगी आहे का, आणि मानवी हक्कांच्या युरोपीय कराराचा भंग होईल का.

प्रत्यक्षात भारताच्या बहुतेक लढाया शेवटच्या मुद्द्यावर, म्हणजे तुरुंगाच्या स्थितीवर, झाल्या आहेत. २००० सालच्या क्रिकेट सामनेनिश्चितीच्या प्रकरणातल्या संजीव चावला यांना २०१७ मध्ये तिहारच्या स्थितीमुळे मुक्त करण्यात आले. भारताने लेखी हमी दिल्यावर उच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांना दिल्लीला आणले गेले. मल्ल्यांच्या प्रकरणात मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातल्या बारा क्रमांकाच्या बराकीचे चित्रीकरण लंडनच्या न्यायालयाने पाहिले. उलट फेब्रुवारी २०२५ मध्ये शस्त्रास्त्र व्यवहारातले दलाल संजय भंडारी यांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने प्रत्यार्पण नाकारले, आणि त्यामागे तिहारमध्ये खंडणी व मारहाणीचा धोका हे एक मुख्य कारण होते. गुजरातमधल्या एका दुहेरी खुनाच्या प्रकरणात २०१९ मध्ये मिळालेला नकार तर सुटकेची कोणतीही आशा नसलेल्या जन्मठेपेच्या शक्यतेमुळे होता.

तीन कामे एका माणसाकडे का येतात, या तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९९३ च्या सुरत स्फोटांच्या प्रकरणात मिळते, आणि नवापूरपासून सुरत काही लांब नाही. त्यातल्या 'टायगर हनीफ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आरोपीला २०१० मध्ये बोल्टनला अटक झाली, न्यायालयात तो हरला, आणि तरीही २०१९ मध्ये ब्रिटनच्या गृहमंत्र्यांनी त्याला पाठवण्यास नकार दिला. न्यायालयातली लढाई संपली म्हणजे प्रकरण संपले असे होत नाही. आश्रयाचा अर्ज प्रलंबित असेल तर तो अखेर निकाली निघेपर्यंत त्या माणसाला आपल्याकडे पाठवता येत नाही, असे २००३ च्या कायद्याचे १२१ वे कलम सांगते. म्हणजे एकाच माणसाचे एक प्रकरण वेस्टमिन्स्टरला, दुसरे इमिग्रेशन न्यायाधिकरणासमोर आणि कदाचित तिसरे ब्रिटनमधल्याच एखाद्या गुन्ह्याचे क्राउन कोर्टात चालू असते. एका ठिकाणी केलेले विधान दुसऱ्या ठिकाणी उलटते. तीन निरनिराळ्या वकिलांनी तीन दिशांना ओढण्यापेक्षा तिन्ही बाजू समजणारा एक बॅरिस्टर असणे ही पक्षकाराची खरी गरज असते.

निवृत्त सरकारी वकील (जळगाव) – उत्तर

चाळीसगावकरांनी लंडनची बाजू नीट मांडली. मी इथली बाजू सांगतो, कारण माझे ठाम मत असे आहे की प्रत्यार्पणाचा निकाल पुष्कळदा पोलीस ठाण्यातच लिहिला जातो, लंडनला तो फक्त वाचून दाखवला जातो.

आपल्या भागात पतसंस्थांमध्ये पैसे कुणी ठेवले होते, ते तुम्हाला ठाऊक आहे. निवृत्त शिक्षक, एस.टी.चे चालक-वाहक, कापूस विकून मुलीच्या लग्नासाठी पैसे बाजूला ठेवणारे शेतकरी. त्यांचा पैसा घेऊन कुणी परदेशी जाऊन बसला असेल तर तो परत यावा, असे मला मनापासून वाटते. म्हणूनच ढिसाळ विनंत्यांचा मला राग येतो. ढिसाळ विनंतीने निरपराध माणूस वर्षानुवर्षे टांगणीला लागतो आणि अपराधी माणसाला कायमचे संरक्षण मिळते. ठेवीदारांच्या हाती दोन्हीकडून काहीच येत नाही.

तपासी अंमलदार जबाब नोंदवतो तो पूर्वीच्या १६१ व्या कलमाखाली, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १८० व्या कलमाखाली. साक्षीदार अहिराणीत बोलतो, हवालदार ते मराठीत उतरवतो, दहा साक्षीदारांचे जबाब शब्दन् शब्द सारखे निघतात, आणि लंडनला पाठवण्यासाठी त्यांचे इंग्रजी भाषांतर घाईघाईत होते. आपल्या न्यायालयात असे जबाब मूळ पुरावा नसतात, साक्षीदार पिंजऱ्यात येतो आणि उलटतपासणीत खरे-खोटे होते. लंडनला साक्षीदार येत नाही. तिथे हे जबाबच न्यायाधीशासमोर असतात. मल्ल्यांच्या प्रकरणात बचाव पक्षाने नेमका याच जबाबांच्या ग्राह्यतेवर हल्ला चढवला होता. तो फसला, कारण बँकेच्या नोंदी आणि पत्रव्यवहार भक्कम होता. तालुक्याच्या पतसंस्थेच्या प्रकरणात तसा कागद असेलच असे नाही. म्हणून मी तरुण सरकारी वकिलांना सांगत असे की आरोपी परदेशात असेल तर कर्ज मंजुरीचे ठराव, संचालकांच्या सभेचे इतिवृत्त, लेखापरीक्षकाचा अहवाल आणि खात्यांचे उतारे यांत त्या एका माणसाचा हात कुठे दिसतो, ते पान क्रमांकासह वेगळे मांडा.

पांझराकाठ, तुमच्यासाठी एक विशेष सूचना. फरारी घोषित आरोपीचा खटला त्याच्या गैरहजेरीत चालवण्याची तरतूद नव्या संहितेच्या ३५६ व्या कलमात आली आहे. दहा वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांतच माणसाला असे घोषित करता येते. ४२० ची शिक्षा सात वर्षांपर्यंत आणि ठेवीदार कायद्याची सहा वर्षांपर्यंत आहे, म्हणजे तुमच्या प्रकरणात सारे काही ४०९ टिकते की नाही यावर अवलंबून राहील. १ जुलै २०२४ च्या आधीपासून प्रलंबित असलेले तपास आणि खटले जुन्या संहितेनेच चालतात, हेही तपासा. मात्र गैरहजेरीत शिक्षा मिळवली की काम सोपे झाले, असे सरकार पक्षाने समजू नये. ब्रिटनचा न्यायाधीश विचारतो की आरोपी जाणूनबुजून गैरहजर राहिला होता का, आणि तसे नसेल तर परत गेल्यावर त्याला नव्याने खटला मिळेल का. दोन्ही उत्तरे 'नाही' असतील तर त्याला मुक्त करणे न्यायाधीशावर बंधनकारक असते.

तुरुंगाच्या हमीबाबतही एक गोष्ट आपल्याकडे दुर्लक्षित राहते. आर्थर रोडची बराक दाखवून धुळ्याच्या खटल्याचे काम भागणार नाही. आरोपी धुळ्याच्या जिल्हा कारागृहात राहणार की नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात, कोठडीत माणशी जागा किती, वैद्यकीय सोय कोणती, हे त्या ठिकाणापुरते सांगावे लागते आणि सांगितलेले पुढे पाळावे लागते. अबू सालेमच्या बाबतीत डिसेंबर २००२ मध्ये पोर्तुगालला दिलेल्या शब्दाची किंमत सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केली: पंचवीस वर्षे पूर्ण झाल्यावर त्याला सोडण्याची कार्यवाही सरकारने केलीच पाहिजे. अशा आरोपीबद्दल कुणाला सहानुभूती नसेल, पण दिलेला शब्द पाळला गेला नाही तर पुढच्या आरोपीला कुणी आपल्या हवाली करणार नाही.

या विषयात मराठी माणसाचे नाव फार जुने आहे. ग्रेज इन या लंडनच्या बॅरिस्टरांच्या संस्थेत बॅरिस्टरीचे शिक्षण घेतलेल्या विनायक दामोदर सावरकरांना १३ मार्च १९१० रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर अटक झाली आणि १८८१ च्या फरारी गुन्हेगारांच्या कायद्याखाली हिंदुस्थानात पाठवण्यात आले; मार्सेलिसच्या किनाऱ्यावरच्या पुन्हा झालेल्या अटकेचा वाद हेगच्या लवादापर्यंत गेला आणि २४ फेब्रुवारी १९११ रोजी तो फ्रान्सच्या विरोधात निकाली निघाला. परकीय भूमीवर अटक नियमबाह्य झाली तरी माणूस परत द्यावाच लागतो का, हा तिथला प्रश्न आजही शिकवला जातो. त्याच ग्रेज इनचे बॅरिस्टर डॉ. आंबेडकर ३१ जुलै १९३७ रोजी एका खटल्यासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या बंगल्यात उतरले होते, हे तुम्हाला सांगायला नको. जिल्हा न्यायालयाचे काम लहान असते, असे त्यामुळे मला कधी वाटले नाही.

पांझराकाठ (धुळे)

सरकारी वकीलसाहेब आणि चाळीसगावकर, दोघांचे आभार. ३५६ चा मुद्दा माझ्या पूर्ण नजरेआड होता. आमच्या प्रकरणात गुन्हा २०२४ च्या आधीचा आहे, त्यामुळे तो उद्याच रोजनाम्याशी पडताळून पाहतो. आणखी दोन गोष्टी विचारतो. मुलाच्या नावाने रेड कॉर्नर नोटीस निघाल्याचे कुटुंबाच्या कानावर आले आहे. तेवढ्यावर त्याला तिथे अटक होईल का? आणि त्याच्या पासपोर्टची मुदत संपत आली आहे, त्याचे काय करावे?

शहादेकर (लेस्टर) – उत्तर

दादा, मी शहाद्याची, लेस्टरमध्ये इमिग्रेशनचे काम करते. तुमचे दोन्ही प्रश्न रोजचे आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

रेड नोटीस म्हणजे अटकेचे वॉरंट नव्हे. इतर देशांच्या पोलिसांना 'हा माणूस हवा आहे, त्याला शोधा आणि प्रत्यार्पणासाठी तात्पुरती अटक करा' अशी इंटरपोलमार्फत केलेली विनंती एवढेच तिचे स्वरूप असते; ती मानायची की नाही हे त्या त्या देशाच्या कायद्यावर ठरते. ब्रिटनमध्ये २०२० पासून काही निवडक देशांच्या बाबतीत वॉरंटशिवाय अटकेची मुभा आली, परंतु त्या यादीत भारत नाही. म्हणून भारताच्या नोटिशीवर तिथला पोलीस परस्पर हात टाकत नाही, न्यायाधीशाचे वॉरंट लागते. मात्र मुलाने सुट्टीला दुबईला किंवा युरोपात जाण्याचा बेत केला तर चित्र बदलते, कारण प्रत्येक देशाचा नियम वेगळा आहे आणि ब्रिटनचे संरक्षण विमानात बरोबर येत नाही. नोटीस चुकीची असेल तर इंटरपोलच्या फाइलींवर देखरेख करणाऱ्या आयोगाकडे दाद मागता येते. खासगी स्वरूपाच्या वादातून निघालेली नोटीस इंटरपोलच्या नियमांत बसत नाही, पण शेकडो ठेवीदारांचे प्रकरण खासगी वाद ठरणे कठीण, हेही कुटुंबाला आधीच सांगा. भारतातली लुकआऊट सर्क्युलर, म्हणजे प्रवाशाला विमानतळावर अडवण्याची सूचना, ही आणखी वेगळी बाब; ती आपल्या विमानतळांवर लागू होते आणि तिच्याविरुद्ध औरंगाबाद खंडपीठात जाता येते. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारी बँकांच्या प्रमुखांचा अशी सर्क्युलर मागण्याचा अधिकार रद्द केला, त्या निकालात या व्यवस्थेची चांगली चर्चा आहे.

पासपोर्टचे काम मात्र पूर्णपणे तुमच्या हातातले आहे आणि लंडनचा कितीही मोठा बॅरिस्टर ते करू शकत नाही. फौजदारी खटला प्रलंबित असेल तर १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार पासपोर्ट नाकारता येतो. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेने त्यातून वाट दिली आहे, ती म्हणजे ज्या न्यायालयात खटला आहे त्याची परवानगी. न्यायालयाने मुदत लिहिली नाही तर पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो, म्हणून अर्जातच मुदत मागा. असा अर्ज करायचा म्हणजे मुलाला वकीलपत्र देऊन न्यायालयासमोर यावे लागेल, आपला पत्ता कळवावा लागेल. कुटुंबे इथे कचरतात. पण जो माणूस आपणहून पत्ता देतो आणि दूरदृश्य प्रणालीने हजर राहण्याची तयारी दाखवतो, त्याला फरारी म्हणणे पुढे अवघड होते. मधल्या काळामुळे अन्याय होतो हा बचावही जाणूनबुजून पळालेल्या माणसाला सहसा मिळत नाही, म्हणून तो कधी गेला, गुन्हा कधी दाखल झाला, विद्यापीठाचे प्रवेशपत्र कोणत्या तारखेचे आहे, संचालकपदाचा राजीनामा कधी दिला, हे सारे तारखांच्या क्रमाने लावून ठेवा.

एक काळजीची गोष्ट. व्हिसा वाढवताना अर्जात गुन्ह्यांविषयी प्रश्न असतात आणि त्यांत अजून निकाल न लागलेल्या आरोपांचाही समावेश असतो. शहादा, तळोदा, नवापूरकडची कितीतरी मुले एजंटाच्या सांगण्यावरून तिथे 'नाही' लिहितात. फसवणूक केल्याचे ठरले तर दहा वर्षे व्हिसा नाकारला जाऊ शकतो, आणि हेच खोटे उत्तर प्रत्यार्पणाच्या सुनावणीत त्याच्या विश्वासार्हतेविरुद्ध वापरले जाते. मुलाच्या हातून ब्रिटनमध्ये काही गुन्हा घडला आणि बारा महिने किंवा अधिक तुरुंगवास झाला, तर हद्दपारीची कारवाई कायद्यानेच सुरू होते. ती प्रत्यार्पणापेक्षा वेगळी, आणि विशेष म्हणजे हद्दपार होऊन आलेल्या माणसाला प्रत्यार्पणाच्या करारातले संरक्षण मिळत नाही. प्रत्यार्पण होऊन आलेल्यावर ज्या गुन्ह्यासाठी त्याला आणले तोच खटला चालवता येतो, आपल्या १९६२ च्या कायद्याचे २१ वे कलम तसे बंधन घालते. विमान एकच असले तरी कोणत्या कायद्याने त्यात बसवले यावर पुढचे सारे ठरते.

आणि कृपा करून कुटुंबाला सांगा की इथे बेकायदेशीर सल्लागार खूप आहेत. परवान्याशिवाय इमिग्रेशनचा सल्ला देणे ब्रिटनमध्ये १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे. 'आश्रयाचा अर्ज टाकून देऊ, दहा वर्षे निघतील' असे कुणी सांगत असेल तर त्याला पैसे देऊ नका. खरी भीती नसलेल्या माणसाचा तो अर्ज फेटाळला जातो आणि त्याचा खोटेपणा त्याच्या नावावर कायमचा राहतो. खरी भीती असलेल्या माणसाचेही त्यात नुकसान होते, कारण त्याच्याकडेही संशयाने पाहिले जाते.

चाळीसगावकर (लंडन)

शहादेकर ताईंनी सांगितलेल्या तारखांच्या यादीला मी सर्वांत जास्त महत्त्व देईन. माझ्याकडे भारतातून येणाऱ्या प्रकरणांत बहुतेक वेळा कागद भरपूर असतात आणि क्रम नसतो.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाविषयी. बॅरिस्टर होण्यासाठी भारतीय वकिलालाही लंडनच्या चार इन्सपैकी एकीचे सभासद व्हावे लागते आणि बार स्टँडर्ड्स बोर्डाकडे अर्ज करून कोणत्या परीक्षांतून सूट मिळते ते ठरवून घ्यावे लागते. त्यानंतर साधारण वर्षभराची पुपिलेज, म्हणजे अनुभवी बॅरिस्टरच्या हाताखालची उमेदवारी. तिचे पहिले सहा महिने निरीक्षणाचे आणि नंतरचे स्वतः उभे राहण्याचे. जागा फार थोड्या आणि उमेदवार फार. सॉलिसिटर होण्याची वाट तुलनेने मोकळी आहे, कारण परदेशात आधीच पात्र झालेल्या वकिलाला दोन वर्षांच्या अनुभवाची अट पूर्ण करावी लागत नाही, परीक्षा द्याव्या लागतात. खर्च मोठा आहे, म्हणून कर्ज काढण्याआधी नीट विचार करा.

पण धुळे न सोडताही या शाखेत एक काम आहे आणि ते करणाऱ्यांची वानवा आहे. ब्रिटनच्या न्यायालयात भारतीय कायदा ही तज्ज्ञाच्या साक्षीने सिद्ध करायची वस्तुस्थिती मानली जाते. ३५६ व्या कलमाखाली शिक्षा झालेल्याला पुन्हा खटला मिळतो का, धुळ्याच्या विशेष न्यायालयात असा खटला सरासरी किती काळ चालतो, जामीन प्रत्यक्षात कधी मिळतो, जिल्हा कारागृहात वकिलाला पक्षकार कसा भेटतो, हे दिल्लीतल्या मोठ्या वकिलापेक्षा तुम्ही खात्रीने सांगू शकता. अट एवढीच की तज्ज्ञाचे कर्तव्य न्यायालयाशी असते, ज्याने फी दिली त्याच्याशी नाही. नीरव मोदी यांच्या बाजूने माजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी दिलेली साक्ष न्यायाधीश सॅम्युएल गूझी यांनी वस्तुनिष्ठ मानली नाही. साक्षीआधी काटजूंनी पत्रकारांना माहिती दिली होती, ही बाबही त्यांच्या विरोधात गेली. सर्वोच्च न्यायालयात बसलेल्या माणसाच्या बाबतीत असे होऊ शकते, तर आपण अहवालात प्रतिकूल गोष्टीही लिहिल्याच पाहिजेत.

तुमच्या पक्षकाराचा तारखांचा तक्ता तयार झाला की त्याची एक प्रत मुलाने इंग्लंडमध्ये नेमलेल्या सॉलिसिटरकडेच पाठवा, कुटुंबाच्या हाती देऊ नका. वकील-पक्षकार गोपनीयता टिकवण्यासाठी ते आवश्यक आहे. आणि सॉलिसिटर अजून नेमला नसेल तर अटकेची वाट पाहू नका. अटकेनंतर पहिली हजेरी लवकरात लवकर होते आणि जामिनाचा विचार तिथेच सुरू होतो. मल्ल्या शेवटपर्यंत जामिनावर होते, नीरव मोदींना तो वारंवार नाकारला गेला. कायमचा पत्ता, नोकरी आणि जामीनदार यांचे कागद त्या सकाळी हाताशी असावे लागतात.